ड्रॉइंग ऑफिसातली जुनी लिस्प: हात लावण्याआधी आणि लावताना

‘नवे ऑटोकॅड टाकले आणि बीओएमची कमांड चालेना.’ ‘काम करता करता ऑस्नॅप आपोआप बंद पडते.’ ‘ही लिस्प कोणी लिहिली हेच कोणाला माहीत नाही, काढून टाकली तर चालेल का?’ ओझर, जानोरी, सातपूर, अंबड, सिन्नर या नाशिकच्या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या ड्रॉइंग ऑफिसांत हे प्रश्न वर्षानुवर्षे फिरत आहेत. उत्तरे मात्र दोनच टोकांची मिळतात. ‘चालतेय तोवर हात लावू नका’ हे एक, आणि ‘सगळे नव्याने लिहून घ्या’ हे दुसरे. दोन्ही महागात पडतात.

ओझरच्या परिसरात हा प्रश्न अधिक टोचतो, त्याला कारण आहे. इथला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ च्या परवाना-उत्पादनासाठी उभा राहिला, आणि पत्ता सांगताना लोक अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या लाइनवरून निघालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने इथूनच उड्डाण केले. ज्या भागात एकेक उत्पादन अनेक दशके चालते, तिथे वीस वर्षांपूर्वीचे ड्रॉइंग कपाटातून पुन्हा बाहेर निघणे ही रोजची बाब असते. ऑटोकॅड स्वतः डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आले, म्हणजे ते ओझरच्या कारखान्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. हा लेख त्या कारखान्याविषयी नाही. जिग-फिक्स्चर, शीट मेटल आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या, दोन-चार ड्राफ्ट्समनवर चालणाऱ्या युनिटांसाठी तो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. कोड देखणा करणे हे तुमचे काम नाही. तीच कमांड दिल्यावर तेच ड्रॉइंग बाहेर आले पाहिजे, आणि जिथे आजवर चुकीचे येत होते तिथे ते का चुकत होते हे कळले पाहिजे. ड्रॉइंगच्या पुढे लेसर कटिंग आहे, पत्रा आहे, ग्राहकाचे इन्स्पेक्शन आहे.

ही फाइल नेमकी काय असते

लिस्प ही भाषा १९५८ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी आखली. ऑटोडेस्कने तिची एक छोटी आवृत्ती ऑटोकॅडमध्ये बसवली आणि जानेवारी १९८६ मध्ये आलेल्या २.१८ या आवृत्तीपासून तिला ‘ऑटोलिस्प’ म्हणू लागले. ‘.एलएसपी’ फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडतो. ‘.एफएएस’ आणि ‘.व्हीएलएक्स’ या कंपाइल केलेल्या, त्यांतला कोड वाचता येत नाही. ‘.डीसीएल’मध्ये डायलॉग बॉक्सची मांडणी असते, तर ‘.एमएनएल’ मेनूबरोबर लोड होते.

ऑटोलिस्प आली तेव्हाचा बराचसा कोड आजच्या ऑटोकॅडमध्येही लोड होतो. इतक्या वर्षांत फार थोड्या सॉफ्टवेअरने जुन्याला अशी साथ दिली असेल. म्हणूनच ऑफिसातल्या फाइलींचा ढीगही कधी कमी होत नाही.

पहिली पायरी: काय आहे ते गोळा करा

काहीही बदलण्याआधी प्रत्येक पीसीवरच्या लिस्प फाइली एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा उतरवा, पीसीच्या नावाने वेगळे उपफोल्डर करा आणि तो सगळा साठा ‘रीड-ओन्ली’ करून ठेवा. शोधायच्या जागा या:

- ऑप्शन्समधल्या सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये नोंदवलेले सगळे फोल्डर
- ‘ॲपलोड’ कमांडमधली ‘स्टार्टअप सूट’ची बॅग
- ‘ॲकॅड.एलएसपी’ आणि ‘ॲकॅडडॉक.एलएसपी’ (पहिली ऑटोकॅड सुरू होताना लोड होते, दुसरी प्रत्येक ड्रॉइंग उघडताना)
- मेनूसोबतच्या ‘.एमएनएल’ फाइली
- प्रोजेक्टचे फोल्डर, आणि ज्येष्ठ ड्राफ्ट्समनचा पेनड्राइव्ह

एकाच नावाची फाइल चार ठिकाणी आणि चारही वेगळ्या, हे हमखास सापडते. ऑटोकॅड शोधाच्या क्रमात जी आधी भेटेल ती उचलते. कोणती उचलली हे पाहण्यासाठी कमांड लाइनवर ‘फाइंडफाइल’ हे फंक्शन फाइलच्या नावासह कंसात लिहा, पूर्ण पत्ता मिळतो. ‘माझ्या पीसीवर चालते, त्याच्या पीसीवर नाही’ या तक्रारींपैकी अनेकींचा निकाल इथेच लागतो.

प्रोजेक्ट फोल्डरमधली परकी फाइल

गोळा करताना ग्राहकाकडून आलेल्या झिपमध्ये ‘ॲकॅड.एलएसपी’ किंवा ‘ॲकॅड.एफएएस’ सापडली, तर ती चुकूनही लोड करू नका. जून २०१२ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ‘मेद्रे’ नावाचा वर्म उघडकीस आणला. तो ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता, सर्वाधिक लागण पेरू देशात झाली होती, आणि तो उघडलेली ड्रॉइंग गुपचूप चीनमधल्या ई-मेल खात्यांवर पाठवत होता. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये पडलेली फाइल ऑटोकॅड आपणहून उचलते, ही सोयच त्याने वापरली होती.

या प्रकारांनंतर ऑटोकॅड २०१४ मध्ये ‘सिक्युअरलोड’ आणि ‘ट्रस्टेडपाथ्स’ हे दोन व्हेरिएबल आले. विश्वासाच्या यादीबाहेरच्या फोल्डरमधून लिस्प लोड होऊ लागली की इशारा येतो. तो सारखा येतो म्हणून अनेक ऑफिसांत कोणीतरी ‘सिक्युअरलोड’ शून्य करून टाकलेले असते. ते आजच तपासा आणि १ करा. मग सर्व्हरवर लिस्पसाठी एकच फोल्डर करा, ड्राफ्ट्समनना त्यावर फक्त वाचण्याचा अधिकार द्या आणि तेवढाच फोल्डर विश्वासाच्या यादीत घाला. ग्राहकाची ड्रॉइंग तुमच्याकडे विश्वासाने आलेली असतात, त्यात काही संरक्षण खात्याच्या पुरवठा साखळीतली असली तर प्रश्न आणखी गंभीर होतो.

जिवंत काय, मेलेले काय

‘ही कमांड कोणी वापरते का?’ असे विचारून खरे उत्तर मिळत नाही. माणसे नाव विसरतात, बटण लक्षात ठेवतात. त्यापेक्षा प्रत्येक कमांडच्या सुरुवातीला दोन-तीन ओळी घाला, ज्या सर्व्हरवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये कमांडचे नाव, तारीख आणि लॉगिनचे नाव लिहून ठेवतील. फाइल जोड-लिखाणाच्या पद्धतीने उघडायची, एक ओळ लिहायची, बंद करायची, एवढेच. हेरगिरी वाटू नये म्हणून ऑफिसात ते आधी सांगून टाका. नोंद किमान एक तिमाही राहू द्या आणि त्यात मार्चअखेर येईल असे पाहा, कारण काही रुटीन वर्षातून एकदाच, स्टॉक किंवा ऑडिटच्या वेळी लागतात.

नोंदीतून जी कधीच वापरलेली दिसली नाहीत ती लगेच पुसू नका. या बाबतीत जीएनयू ईमॅक्स या प्रकल्पाकडून शिकण्यासारखे आहे. १९८५ पासून चालू असलेल्या या मजकूर-संपादकाचा मोठा भाग लिस्पमध्येच आहे. तिथे जुने फंक्शन एकदम उडवत नाहीत. कोणत्या आवृत्तीपासून ते कालबाह्य झाले याची कोडमध्ये नोंद होते, वापरणाऱ्याला पर्यायाचे नाव दिसते, आणि जुन्या फाइली ‘ऑब्सोलीट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे राहतात. तुम्हीही तेच करा. कमांडच्या जागी एका ओळीचा संदेश ठेवा: ‘ही कमांड बंद केली आहे, त्याऐवजी अमुक वापरा, अडचण आल्यास अमुक व्यक्तीला सांगा.’ वर्षभर कोणी विचारले नाही, तर फाइल कायमच्या साठ्यात टाका.

दुरुस्तीआधी ‘साक्षीची ड्रॉइंग’ ठरवा

हे काम टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो, आणि नंतरचे बहुतेक घोटाळे ते टाळल्यामुळेच होतात. प्रत्येक जिवंत रुटीनसाठी प्रत्यक्ष ऑर्डरमधली काही जुनी ड्रॉइंग निवडा. एक साधे, एक गुंतागुंतीचे, आणि एक असे, ज्यात पूर्वी काही गडबड झाल्याचे कोणाला तरी आठवते. मग क्रम असा ठेवा:

1. मूळ ड्रॉइंगची प्रत घ्या, जुन्या रुटीनने चालवा आणि निकाल ‘.डीएक्सएफ’ म्हणून सेव्ह करा.
2. त्याच मूळ ड्रॉइंगची दुसरी प्रत घ्या, दुरुस्त रुटीनने चालवा आणि तसेच सेव्ह करा.
3. दोन्ही डीएक्सएफ विंडोजच्या ‘एफसी’ कमांडने किंवा कोणत्याही तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरने ताडून पाहा. ही साधी टेक्स्ट फाइल असते. वरच्या भागात तारीख-वेळेचे फरक येणारच, ते सोडा. भूमितीत, लेअरमध्ये, डायमेन्शनच्या आकड्यात फरक दिसला तर थांबा.
4. डोळ्यांनी पाहायचे असेल तर ऑटोकॅड २०१९ पासून ‘कम्पेअर’ ही कमांड आहे, फरक रंगाने दिसतो.

फक्त पडद्यावर पाहून ‘बरोबर दिसतेय’ म्हणू नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडद्यावर दिसत नाही, असेंब्लीत दिसतो.

दुरुस्त काय करायचे

पूर्णांकाचा भागाकार. सर्वांत आधी हाच शोधा. ऑटोलिस्पमध्ये दोन्ही आकडे पूर्णांक असले तर उत्तरही पूर्णांकच येते. (/ २५ २) चे उत्तर १२ येते, १२.५ नव्हे. आता हे प्रत्यक्षात कसे घडते पाहा. डायलॉग बॉक्समध्ये ड्राफ्ट्समन पट्टीची रुंदी टाकतो. बॉक्समधून ती मजकूर म्हणून येते आणि जुन्या रुटीनमध्ये ‘एटॉय’ या फंक्शनने तिचा आकडा केला जातो. एटॉय पूर्णांक देते. पुढे मध्यरेषेसाठी त्याला २ ने भागले जाते. रुंदी २०, ३०, ५० असेल तोवर सगळे ठीक. एक दिवस २५ ची पट्टी येते आणि भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडते. ऑफिसात नेहमी सम मापाच्या पट्ट्याच वापरात असतील, तर ही चूक दहा वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ‘गेटडिस्ट’ किंवा ‘गेटरिअल’ने माप घेणाऱ्या रुटीनमध्ये ती होत नाही, कारण ते दशांशच देतात. म्हणून एकाच ऑफिसात एक कमांड बरोबर आणि तिची जुळी बहीण चूक, असेही होते.

उपाय सोपा आहे: २ च्या जागी २.० लिहा, एटॉयच्या जागी ‘एटॉफ’ वापरा. कोन अंशातून रेडियनमध्ये नेताना हीच चूक अधिक ढोबळ दिसते. (/ ४५ १८०) शून्य येते आणि तिरकी रेघ आडवी होते. ती निदान डोळ्यांना दिसते, म्हणून पकडली जाते. सगळ्या फाइलींमध्ये ‘(/’ शोधा आणि प्रत्येक जागा पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण इतके फळ देणारे दुसरे नाही.

सांडलेली नावे. रुटीन लिहिताना आतल्या वापराची नावे कंसात तिरप्या रेघेनंतर जाहीर करायची असतात: (डीफन सी:भोक ( / व्यास केंद्र) …). घाईत लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये ही यादी रिकामी असते. मग ‘व्यास’चे मूल्य कमांड संपल्यावरही ड्रॉइंगमध्ये तसेच पडून राहते आणि त्याच नावाचे दुसरे रुटीन ते उचलते. परिणाम असा की सकाळी चालणारी कमांड दुपारी वेगळे उत्तर देते आणि ऑटोकॅड बंद करून चालू केले की पुन्हा नीट होते.

इथे एक सापळा आहे. तुम्ही नीटपणे नावे जाहीर केलीत आणि भलतेच रुटीन बंद पडले, असे होऊ शकते. कारण ते या सांडलेल्या मूल्यावरच गुपचूप उभे असते. शिवाय ऑटोलिस्पमध्ये एका रुटीनने बोलावलेले दुसरे रुटीन पहिल्याची नावे पाहू शकते, बदलूही शकते. म्हणून एका वेळी एकच रुटीन दुरुस्त करा, साक्षीच्या सर्व ड्रॉइंगवर चालवा, मगच पुढचे हाती घ्या. ‘ॲटम्स-फॅमिली’ हे फंक्शन कमांडच्या आधी आणि नंतर चालवले तर कोणती नवी नावे मागे राहिली ते कळते. ईमॅक्सवाल्यांनाही नावांच्या व्याप्तीचा हाच प्रश्न सोडवायचा होता. २०१२ मध्ये त्यांनी नवा नियम आणला तो फाइलनिहाय: ज्या फाइलच्या पहिल्या ओळीत तशी खूण असेल तिलाच तो लागू. बाकीच्या फाइली आपापल्या वेळेने वर्षानुवर्षे त्यात येत राहिल्या. जगभरातले कुशल लोक हे एका रात्रीत करत नाहीत, तर तीन माणसांच्या ऑफिसाने तसा आग्रह धरू नये.

बंद पडणारे ऑस्नॅप. रुटीन सुरुवातीला ‘ऑसमोड’ शून्य करते, काम झाल्यावर पूर्ववत करते. मध्येच कोणी एस्केप दाबले की शेवटची ओळ चालतच नाही आणि ऑस्नॅप बंदच राहते. यासाठी प्रत्येक रुटीनमध्ये ‘*एरर*’ हे फंक्शन स्थानिक नाव म्हणून लिहा आणि बदललेली सगळी व्हेरिएबल तिथेही परत करा. मात्र जुन्या एरर-फंक्शनमध्ये ‘कमांड’ वापरले असेल तर ते ऑटोकॅड २०१५ पासून थेट चालत नाही. त्याजागी ‘कमांड-एस’ वापरा. ‘नवे व्हर्जन आल्यापासून एस्केप दाबले की विचित्र संदेश येतो’ ही तक्रार असेल तर आधी इथे पाहा.

कमांडच्या प्रश्नांवर बेतलेला कोड. जुनी रुटीन ऑटोकॅडच्या कमांडला ठरावीक क्रमाने उत्तरे देत जातात. पुढच्या आवृत्तीत एखादा प्रश्न वाढला की सगळा क्रम चुकतो. कमांडच्या नावाआधी अधोरेख आणि टिंब (‘_.लाइन’ असे) द्या, म्हणजे कोणी त्या नावाची व्याख्या बदललेली असली तरी मूळ कमांड चालते. रेघ, वर्तुळ यांसारख्या साध्या गोष्टी ‘एन्टमेक’ने थेट तयार करणे अधिक भरवशाचे, ऑस्नॅपचाही संबंध उरत नाही. पण ‘कमांड’ चालू यूसीएसमधले बिंदू घेते, एन्टमेक तसे घेत नाही. फिरवलेल्या यूसीएसमध्ये काम करणाऱ्या ऑफिसात बिंदू ‘ट्रान्स’ने बदलून घेतले नाहीत तर रेघ भलतीकडे जाईल. साक्षीच्या ड्रॉइंगमध्ये एक तरी फिरवलेल्या यूसीएसचे ठेवा ते यासाठी.

कोडमध्ये कोरलेले पत्ते. सी ड्राइव्हवरचा आवृत्ती १४ चा फोल्डर, बदललेल्या सर्व्हरचे नाव, कोणा माजी कर्मचाऱ्याचा डेस्कटॉप, असे सगळे सापडते. हे पत्ते एकाच फाइलमध्ये वर आणून ठेवा आणि बाकी सर्वत्र तिथून घ्या.

मराठी मजकूर आणि नवे व्हर्जन

टायटल ब्लॉकमध्ये किंवा कमांडच्या संदेशात मराठी असेल तर वेगळी काळजी हवी. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या कोडने साठवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर त्याचे अगम्य काहीतरी होते. तो युनिकोडमध्ये आणायचाच आहे, पण लिस्पच्या दुरुस्तीबरोबर नको. दोन्ही एकदम केले तर फरक कशामुळे आला हे सांगता येणार नाही.

ऑटोकॅड २०२१ पासून ‘लिस्पसिस’ हे व्हेरिएबल आले आहे. ते १ असेल तर कोड युनिकोडमध्ये धरला जातो आणि लिहिण्यासाठी व्हीएस कोड उघडतो. शून्य केले तर जुनी पद्धत आणि व्हिज्युअल लिस्पचा जुना संपादक मिळतो. बदल ऑटोकॅड बंद करून चालू केल्यावरच लागू होतो. १ वर कंपाइल केलेली फाइल २०२० किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये लोड होत नाही. ऑफिसात नवे-जुने दोन्ही व्हर्जन असतील तर कंपाइल करताना २ ठेवा, किंवा सरळ ‘.एलएसपी’च वापरा. मराठी संदेश असलेल्या फाइली यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. व्यासाचे, अंशाचे आणि अधिक-उण्याचे चिन्ह मात्र दोन टक्के-चिन्हांच्या जुन्या पद्धतीनेच लिहिलेले राहू द्या, ते सगळीकडे चालते.

सॉफ्टवेअरच बदलायचे असेल तर

ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर बहुतेक उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. वार्षिक भाड्याच्या खर्चामुळे काही युनिट ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड यांचा विचार करतात. तिन्हींत लिस्प चालते आणि साधी ‘.एलएसपी’ बहुतेक वेळा किरकोळ बदलांत चालून जाते. ‘.एफएएस’ किंवा ‘.व्हीएलएक्स’ चालेल असे मात्र धरून चालू नका. ज्या रुटीनचा मूळ कोड हरवला आहे ते नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा लिहावे लागेल, हे गृहीत धरूनच खर्च काढा. ऑटोकॅड एलटी वापरणाऱ्यांना २०२४ च्या आवृत्तीपासून ऑटोलिस्प मिळाली आहे, त्यामुळे फक्त लिस्पसाठी पूर्ण ऑटोकॅड घेतलेल्या जागा एकदा मोजून पाहा.

खरेदीआधी विक्रेत्याकडून चाचणी-प्रत घ्या आणि तुमचीच साक्षीची ड्रॉइंग, तुमच्याच लिस्पने, तुमच्याच ऑफिसात चालवून पाहा. विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यावर निर्णय घेऊ नका.

कोड कोणाचा? तुमचे हक्क

हा प्रश्न वाद होईपर्यंत कोणी विचारत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतींमध्ये धरला जातो. त्यातून चार गोष्टी निघतात:

- पगारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामात लिहिलेली लिस्प: वेगळा करार नसेल तर पहिला मालक तुमचा कारखाना (कलम १७).
- बाहेरच्या माणसाने पैसे घेऊन लिहिलेली: पैसे दिले म्हणून मालकी आपोआप येत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते (कलम १९). त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा.
- रीतसर मिळालेल्या प्रोग्रामची स्वतःच्या कामापुरती दुरुस्ती आणि बॅकअप: ज्या कामासाठी तो दिला गेला त्यासाठी हे करण्याची मुभा कायद्यात आहे (कलम ५२). विकण्याची किंवा दुसऱ्या युनिटला वाटण्याची नाही. इंटरनेटवरून घेतलेल्या रुटीनच्या डोक्यावर लेखकाचे नाव आणि अटी असतात, त्या साफसफाईत पुसू नका.
- क्रॅक केलेले सॉफ्टवेअर: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय क्रॅकबरोबर आलेल्या फाइली तुमच्या विश्वासाच्या फोल्डरमध्ये बसलेल्या असू शकतात.

मोठी रक्कम किंवा प्रत्यक्ष वाद असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

बाहेरून काम करून घेताना

करारात किमान एवढे असू द्या: मूळ ‘.एलएसपी’ आणि ‘.डीसीएल’ तुमच्याकडे येतील, फक्त कंपाइल केलेली फाइल चालणार नाही. साक्षीच्या ड्रॉइंगवर निकाल जुळल्यावरच शेवटचा हप्ता. कॉपीराइटचे लेखी हस्तांतर. आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगची गोपनीयता. नमुना म्हणून फाइल देताना टायटल ब्लॉकमधले ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर आणि टीपा काढा. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याची परवानगी घेतल्याशिवाय देऊच नका. हेच एआय चॅटबॉटला कोड किंवा ड्रॉइंगची माहिती देतानाही लागू आहे. चॅटबॉट कोडचा अर्थ समजावून सांगायला उपयोगी पडतात, पण लिहून देताना ते कॉमन लिस्पमधली फंक्शने सर्रास घुसडतात. ऑटोलिस्पमध्ये ‘लेट’ नाही, ‘लूप’ नाही. त्यांचे उत्तर साक्षीच्या ड्रॉइंगवर तपासल्याशिवाय सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जाता कामा नये.

ऑफिसातच करणार असाल तर जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्या आणि त्याला आठवड्यातला ठरावीक वेळ मोकळा करून द्या. ‘ऑर्डरमधून सवड मिळेल तेव्हा कर’ म्हटलेले काम होत नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर चार ओळी पुरेत: कमांड काय करते, कोणत्या ड्रॉइंगवर तपासली, शेवटचा बदल कोणी, केव्हा आणि का केला. त्या मराठीत लिहिल्या तरी चालतील, लिस्पमध्ये अर्धविरामानंतरचा मजकूर ऑटोकॅड वाचत नाही.

आणि या सगळ्यात एक काम असे आहे, जे पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. ज्याने या फाइली लिहिल्या तो ड्राफ्ट्समन अजून कामावर असेल, किंवा निवृत्त होऊन नाशकातच राहत असेल, तर त्याला भेटा. फाइली समोर उघडून एकेक कमांडविषयी विचारा: ती कोणत्या ऑर्डरसाठी लिहिली, हा आकडा इथे का घातला, ही ओळ काढली तर काय होईल. त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या किंवा परवानगीने रेकॉर्ड करा, आणि त्याच्या वेळेचे मानधन द्या. लॉगची फाइल, साक्षीची ड्रॉइंग, करार हे त्यानंतर सुरू केले तरी चालेल.